बदली डॉक्टर

लडाख
९ नोव्हेंबर २०२५

सायली,

पोचल्याचं पत्र उशिरा लिहितेय, कारण सुरुवातीचे पंधरा दिवस पत्राची मुभाच नव्हती. आता दर रविवारी कम्प्युटरवरून एक पत्र, तेही एकाच माणसाला. फोन नाही, फोटो नाही. मी तुझं नाव दिलं. अम्मीचंच द्यायला हवं होतं, पण तिला मराठी वाचता येत नाही आणि मला उर्दू लिहिता येत नाही. तेव्हा मी लिहायचं, तू फुलंब्रीला जाऊन वाचायचं, तिनं ऐकायचं.

आमचं घर म्हणजे पाण्याच्या तीन टाक्या आडव्या पाडून एकमेकींना जोडल्यासारखं आहे. भोवती नुसता दगड. मंगळावर माणसं पाठवायची तर ती महिनोन् महिने एका डब्यात कशी टिकतील, हे आधी इथं तपासायचं, म्हणून आम्हा चौघांना मार्चपर्यंत कोंडलंय. बाहेर जायचं तर जड पोशाख आणि हवेची नळी लावून, जणू बाहेर श्वास घ्यायला हवाच नाही.

बद्रीनाथ सर आमचे प्रमुख, हवाई दलातून निवृत्त झालेले. इंद्रजीत डॉक्टर. ऋतुराज दगडांचा अभ्यासक, वयानं सगळ्यांत लहान. आणि मी यंत्रांची. हवा, पाणी, ऊब माझ्याकडं. पण इथं कुणालाच एक काम नसतं. तिकडं माणूस पडला तर बदली कुठून आणणार? म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याचं काम शिकायचं. इंद्रजीत माझ्याकडून पंप उघडायला शिकतो, सर सगळ्यांचे केस कापतात, ऋतुराज वाफ्यात मेथी लावतो आणि ती जाळतोसुद्धा. आणि मी बदली डॉक्टर. म्हणजे डॉक्टरलाच काही झालं तर त्याला बघणारी.

परवा धुराचा भोंगा वाजला. पळत गेले तर इंद्रजीत जमिनीवर पडलेला. मी त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि सायली, डोकं कोरं झालं. तू शिकवलेलं, इथं शिकलेलं, काहीच आठवेना. नाडी कुठं बघायची तेही नाही. मी नुसतं त्याचं मनगट धरून बसले. शेवटी त्यानंच एक डोळा उघडला आणि म्हणाला, "मॅडम, मी मघाशीच मेलो."

सगळे हसले, मीपण हसले. सर म्हणाले, "सराव होता. असे अजून होतील. सराव आहे की खरं, हे मी संपेपर्यंत सांगणार नाही."

तेव्हापासून भोंगा वाजला नाही तरी मला वाजल्यासारखा वाटतो.

हे शेवटचं अम्मीला वाचू नकोस. मेथीचं वाच.

तुझी
कहकशा

*

छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

कहकशा,

मेथीचं वाचलं. खाला लई हसल्या. "मर्दाच्या हातची मेथी हाय, जळणारच," म्हणाल्या. धुराच्या भोंग्याशी आले आणि मी उडी मारून सरळ "तुझी कहकशा"वर गेले. खाला उठल्या. चहा दिला. कप ठेवताना म्हणाल्या, "बेटा, तू वाचताना मधीच थुंकी गिळली. तिथं काय होतं?"

"काही नाही, खाला, अक्षर लागलं नाही."

"कम्प्युटरच्या अक्षराला काय झालं न लागायला?"

आता सांग, मी काय करू? मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना बघून चेहरा कोरा ठेवायची मला सवय आहे. पण तुझ्या आईसमोर नाही जमत. लहानपणी मी त्यांच्या घरी रोट खाऊन वाढले.

आता तुझं. डोकं कोरं होणं सगळ्यांचं होतं. माझं पहिल्या वर्षी झालं होतं, आमच्या मोठ्या सिस्टरनं एकच सांगितलं: तोंड चालू ठेव. जे करतेस ते मोठ्यानं बोल. "मी मान बघते. मी छाती बघते. मी हातमोजा घालते." हात घाबरतो तेव्हा तोंडाच्या मागं मागं जातो. येडपटासारखं वाटेल, पण करून बघ.

आणि एक विचारते, रागावू नकोस. डॉक्टरला काही झालं तर तू, हे ठीक. तुला काही झालं तर कोण?

इकडं थंडी पडायला लागलीय. खालांनी तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. त्यांना सांगितलं की पार्सल जात नाही. म्हणाल्या, "विणायला कुठं परवानगी लागते?"

सायली

*

लडाख
७ डिसेंबर २०२५

सायली,

मधले तीन रविवार मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. लिहिलं असतं तर तुला सगळंच गाळावं लागलं असतं.

ऋतुराज चार दिवस कुणाशी बोलला नाही. कारण काय, तर मी त्याच्या कपात चहा प्यायले. आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा मात्र मला खरंच वाटलं की हा पोरगा मला मारेल. टेबलापलीकडं बसून तो नुसता माझ्या हातातल्या कपाकडं बघायचा. शेवटी सरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. "यंत्र दुरुस्त करणारे खूप मिळतात," म्हणाले. "भांडण झाल्यावर त्याच माणसाच्या हातची भाजी खाऊ शकतो, असा माणूस मिळत नाही. तिकडं तोच लागतो. खा." आम्ही खाल्ली. ऋतुराज रडला. मग म्हणाला, त्याला झोप लागत नाही. भिंतीच्या बाहेर कुणीतरी हात फिरवतंय असं वाटतं. वारा असतो तो. पण त्यानं सांगितल्यापासून मलाही तो हातच वाटतो.

मधे अजून दोन सराव झाले. एकदा हवेचं यंत्र मुद्दाम बंद केलं होतं, ते मी चालू केलं. दुसऱ्यांदा इंद्रजीतनं भाजल्याचं सोंग केलं. मी तोंड चालू ठेवलं, तू सांगितलं तसं. "मी कात्री घेते, मी बाही कापते." त्याची चांगली बाही कापून टाकली. तो म्हणाला, "आता तुम्ही खऱ्या डॉक्टर झालात, पेशंटचं नुकसान करायला लागलात."

चांगला माणूस आहे. घाबरल्याचं तोंडावर सांगतो. म्हणतो, मलाही इथं भीती वाटते, कारण इथं माझी तपासणी करणारी एक इंजिनियर आहे.

तू विचारलंस, मला काही झालं तर कोण. डॉक्टर आहे ना. पुढचं विचारू नकोस.

उद्यापासून बर्फाचा अंदाज आहे. आणि शुक्रवारी इंद्रजीत आणि ऋतुराज उताराखालचे दगड आणायला बाहेर जाणार आहेत.

अम्मीला कपाचं वाच. तिला आवडेल.

कहकशा

*

छत्रपती संभाजीनगर
२१ डिसेंबर २०२५

कहकशा,

हे पत्र तुला कधी मिळेल, मिळेल की नाही, माहीत नाही. चौदा तारखेला तुझं पत्र आलं नाही. मी म्हटलं, मागंही असं झालं होतं. मग मंगळवारी आमच्या हॉस्पिटलच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं: लडाखमध्ये मंगळाच्या तालमीत अपघात, एक जण दगावल्याचं वृत्त. नाव नाही, काही नाही. कुणाचं काय माहीत, पुढं पाठवलेलं होतं. मी ड्युटीवर होते. ट्रेमधली कात्री माझ्या हातातून खाली पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या ऑफिसला फोन लावला. बाई बोलल्या, "पथक सुरक्षित आहे, वादळामुळे संपर्कात अडथळा आहे." मी विचारलं, चौघंही? त्या म्हणाल्या, "पथक सुरक्षित आहे." पुन्हा तेच. अगं, मी रोज असंच वाक्य दुसऱ्यांना सांगते. "डॉक्टर बघतायत." मला त्याचा अर्थ माहीत आहे.

खालांना सांगायचं नाही, असं ठरवलं. गुरुवारी दुपारी थिएटरमधून बाहेर आले तर बाकावर खाला. फुलंब्रीहून एकट्या एसटीनं आलेल्या. डोक्यावर ओढणी, मांडीवर पिशवी. फरदीननं, तुझ्या भावानं, मोबाइलवर तेच वाचून दाखवलं होतं.

"बस," म्हणाल्या. मी बसले. "आता वाच. पैल्यापासून. जे जे गिळलं ते सगळं."

मी वाचलं. भोंगा, भिंतीवरचा हात, सगळं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या ऐकत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "फिरसे वाच," आणि मी डॉक्टरवालं पुन्हा वाचलं, तो तुला हसवतो ते. बाकीचे नातेवाईक आमच्याकडं बघत होते, सिस्टर बाकावर कशी बसली म्हणून.

"सायली," म्हणाल्या, "मेली असती तर मला कळलं असतं, असं बाया म्हणतात. मला काय कळत नाय बघ. आतून काहीच आवाज येत नाय."

मी त्यांना माझ्या घरी घेऊन आले. त्या इथंच आहेत. आम्ही दोघी फोनकडं बघत बसतो.

एक ओळ पाठव. नुसतं नाव पाठव.

सायली

*

लडाख
२८ डिसेंबर २०२५

सायली, अम्मी,

मी जिवंत आहे. चौघंही जिवंत आहोत. हे पहिलं लिहिते.

शुक्रवारी, बारा तारखेला, वारा सुटायच्या आत दगड आणू म्हणून ते दोघं निघाले. उतारावर इंद्रजीतचा पाय सुटला आणि तो डाव्या कुशीवर खडकावर आपटला. ऋतुराजनं त्याला धरून आणलं. तो चालत आत आला, स्वतः पोशाख काढला, म्हणाला, "बरगड्या गेल्या एक-दोन. पट्टी नको, गोळी द्या." मी गोळी दिली. बाहेर एव्हाना काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा वारा.

तासाभरानं तो बाकावर वाकला आणि धापा टाकायला लागला. आणि सायली, मी काय म्हणाले माहितेय? "बस झालं डॉक्टर, आज नको सराव." त्यानं माझ्याकडं बघितलं. ओठ निळे होते. ओठ निळे करायचं सोंग कुणाला येतं? तरी मी सरांकडं वळून विचारलं, "सर, सराव आहे ना?"

सर म्हणाले, "नाही."

त्यांनी सीलबंद पेटी फोडून उपग्रहाचा फोन काढला. तालीम मोडली त्या क्षणी. तळावरून उत्तर आलं, या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही, रस्ता बंद आहे, वारा पडेपर्यंत थांबा. तिथल्या डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत आला आणि मग गेलाच. छपरावरचा, ज्यावरून पत्रं जातात तो खांबही तेव्हाच पडला. आम्ही दाराला कुलूप नसलेल्या घरात होतो आणि दार उघडून काही उपयोग नव्हता.

मी तोंड चालू केलं. "मी छाती ऐकते. उजवीकडं हवा आहे. डावीकडं नाही. मी मान बघते. श्वासनळी उजवीकडं सरकलीय." बोलता बोलता मलाच कळलं. फाटलेल्या फुप्फुसातून हवा छातीत भरत होती आणि बाहेर निघायला वाट नव्हती. प्रत्येक श्वासाबरोबर ती त्याचं हृदय दाबत होती.

त्यालाही कळलं होतं. एकेक शब्द तोडून म्हणाला, "सुई... दुसऱ्या... तिसऱ्याच्या मधे." मग माझा हात धरला. "तिसऱ्या बरगडीच्या... वरच्या कडेनं... जा. खालच्या कडेला... रक्तवाहिनी असते." स्वतःच्या छातीत कुठं भोसकायचं ते तो मला सांगत होता. ऋतुराजनं त्याचे खांदे धरले होते आणि मोठमोठ्यानं रडत होता. सर म्हणाले, "रड, पण हात सोडू नको."

मी बरगड्या मोजल्या. चुकले, पुन्हा मोजल्या. इंद्रजीतचे डोळे फिरायला लागले होते. "मी सुई घालते," म्हणाले, आणि घातली.

हवा सुटल्याचा आवाज आला. टायरमधून येतो तसा. मी यंत्रांची बाई आहे, तो आवाज मला ओळखीचा वाटला. हळूहळू ओठांचा रंग बदलला.

सुईनं नुसता वेळ मिळतो. नळी घालावीच लागली, बगलेखालून. भुलीचं इंजेक्शन दिलं तरी तो ओरडला. ते ओरडणं मी लिहीत नाही. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. बुडबुडे येत राहिले तर हवा निघतेय. वारा पडेपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीनं त्या बाटलीसमोर बसलो. बुडबुडा थोडा थांबला की मी तो पुन्हा येईपर्यंत आकडे मोजायचे.

सोमवारी वारा पडला आणि हेलिकॉप्टर आलं. तो लेहच्या दवाखान्यात आहे, बोलतो, जेवतो. नेताना त्यानं मला हात दाखवला. मी दाखवू शकले नाही. माझे दोन्ही हात तेव्हापासून थरथरतात. पाना धरता येत नाही. पेला धरता येत नाही.

ऑफिसनं खांब उभा करून दिला आणि विचारलंय, पुढं चालू ठेवायचं की थांबवायचं. तिघांनी ठरवा. एकानंही नको म्हटलं तर तालीम संपली. नवा डॉक्टर देणार नाहीत, तिकडं तो कुठून येणार होता? म्हणजे आता डॉक्टर मी.

दोघं माझ्या तोंडाकडं बघतायत. दोघांपैकी कुणी खोकलं तरी मी दचकते. मला घरी यायचंय. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

कहकशा

*

छत्रपती संभाजीनगर
४ जानेवारी २०२६

कहकशा,

तुझं पत्र खालांना एक शब्द न गाळता वाचलं. "मी जिवंत आहे" एवढं ऐकून त्या उठल्या, आत गेल्या, नमाज पढून आल्या, मग म्हणाल्या, आता पुढचं वाच.

पुढचं त्या सांगतायत, मी लिहितेय.

"कहकशा, मेरी जान. पोराला वाचवलं, अल्ला तुला सलामत ठेवो. त्याच्या आईचा नंबर मिळव, मला तिच्याशी बोलायचंय. तुला शाबासकी पायजे असंल तर सायलीकडून घे, ती देईल. मी आई हाय. मला तू इथं पायजे. दार हाय ना तिथं? उघड आणि ये. मंगळावर गेली असतीस तर मी रडून गप बसले असते. पण तू इथंच हायस, याच जमिनीवर. मग कशाला? लोक काय म्हणतील, घाबरली म्हणतील? म्हणू दे. हौ, घाबरली, म्हणायचं. मला तेरी बहादुरी नक्को, मेरे कू तू होना."

एवढं बोलून त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्यात.

आता माझं. हात थरथरणं हे नंतरचं असतं. काम चालू असताना थरथरले नाहीत, ते आता हिशोब घेतायत. कधी आठवड्यात जातं, कधी महिना लागतो. माझ्याबरोबरची एक मुलगी होती, चांगली होती, तिचं गेलं नाही, तिनं थिएटर सोडलं. तिला कुणी हसलं नाही. तुला ये म्हणू की राहा म्हणू, ते मला कळत नाही. खरं सांगू? तुझी बातमी आली त्या दिवसापासून मीपण कात्री धरताना एकदा बघून घेते.

पण एक कर. त्या दोघांना सांग. घाबरलेली माणसं मी रोज बघते. गप्प बसलेल्याची भीती वाटते मला, बोलणाऱ्याची नाही.

सायली

*

लडाख
११ जानेवारी २०२६

अम्मी, सायली,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग जेवणाच्या टेबलावर दोघांसमोर हात ठेवले. "बघा," म्हटलं. ते थरथरत होते. "मला भीती वाटते. तुम्हा दोघांपैकी कुणाला काही झालं तर मी दुसऱ्यांदा हे करू शकेन असं मला वाटत नाही. मला घरी जायचंय."

मला वाटलं होतं, सर काहीतरी हिमतीचं बोलतील. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "मी त्या दिवसापासून दाराच्या पायऱ्या चढतानासुद्धा कठडा धरतो. पडलो तर तुझ्या हातात येईन म्हणून नाही. तुला पुन्हा ते करावं लागेल म्हणून."

ऋतुराज म्हणाला, "आणि मॅडम, तुम्ही पडलात तर?"

हाच प्रश्न तू मला नोव्हेंबरात विचारला होतास, सायली. मी तो "डॉक्टर आहे ना" म्हणून उडवून लावला होता. आता डॉक्टर नव्हता. खोलीत तीन माणसं होती, आणि त्यातल्या एकीला सुई कुठं घालायची ते माहीत होतं, आणि तिचेच हात हलत होते.

अम्मी, तू ये म्हणालीस. मी दार उघडायचं ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी ऑफिसला पाठवायचा निरोपही मनात जुळवला होता. तो पाठवला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बहादुरी नव्हे, शपथ. भीती आहे तशीच आहे. पण मी निघून आले असते तर ती माझ्या एकटीचीच राहिली असती, आयुष्यभर. इथं ती टेबलावर तिघांच्या मधे होती, आणि तिच्याशी काही करता येत होतं.

मी म्हटलं, "राहायचं तर एका अटीवर. बदली डॉक्टर तुम्ही दोघं. मला येतं ते सगळं तुम्हाला आलं पाहिजे. आजपासून."

इंद्रजीतला कळवलं. त्यानं लेहहून उलट निरोप धाडला, "आता तुम्ही तिघं मिळून एक डॉक्टर झालात. फी तीनपट लावा." तालीम मार्चपर्यंत चालू राहील. अम्मी, माझ्यावर राग धर. हक्क आहे तुझा. आणि त्याच्या आईचा नंबर सोबत जोडलाय, बोल तिच्याशी.

शिकवायला एक रबरी पुतळा होता, तो मागच्या एका सरावातच फाटला. म्हणून मी स्वतः टेबलावर आडवी झाले, पातळ बनियन अंगात ठेवूनच. ऋतुराज उजव्या बाजूला उभा राहिला, सर त्याच्यामागं दिवा धरून. छत इतकं जवळ दिसतं, हे मला माहीत नव्हतं. इंद्रजीतला त्या दिवशी हेच छत दिसत असेल. मला एकदम इतकी भीती वाटली की उठून बसावंसं वाटलं. उठले नाही.

"बोलत बोलत कर," मी म्हटलं.

"मी गळ्याखालचं हाड बघतो," तो म्हणाला. बोटं बर्फासारखी गार. "मी खाली येतो. ही पहिली. ही दुसरी. आणि ही... ही तिसरी. इथं."

त्याचं बोट चौथीवर होतं. खरी सुई असती तर काय झालं असतं ते मी डोळ्यांसमोर बघितलं.

"चुकलास," मी म्हटलं. "पुन्हा मोज."

त्यानं हात उचलला, तोंडाशी नेऊन फुंकर घालून बोटं ऊबदार केली, आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

तुमची
कहकशा